बुरशी काढेपर्यंत आई कुठे झोपणार?

मंडळी, तुंगार्लीतल्या आमच्या घरात यंदाच्या पावसाने आईच्या खोलीत काळीहिरवी भित्तिचित्रे रेखाटली आहेत. कला थोर, पण आईचा खोकला थांबत नाही.

ठेकेदार बोलावण्याआधी आज मी आणि धाकटा भाऊ सुहास नियोजनाला बसलो. ओल गच्चीतून येते, म्हणून आधी गळती थांबवायची, मग भिंत खरवडायची, इथवर एकमत झालं. खरवडताना बुरशी उडणार, तेव्हा आईला हलवायला हवं. कोरडी, उन्हाची खोली एकच, आणि ती आम्ही शनिवार-रविवारच्या पर्यटकांना देतो.

"दादा, दिवाळीपर्यंत बुकिंग आहे. तूर्त वरून रंग मारून घेऊ."

"आणि आईची छाती?"

"तिला सवय आहे रे."

आई दारातच उभी होती. म्हणाली, "राहू दे. माझ्यापायी पाहुण्यांची गैरसोय नको."

"बघ," सुहास म्हणाला.

मी बुकिंग रद्द केलं आणि आईची गादी उन्हाच्या खोलीत टाकली. आई मात्र गादीच्या कडेला अंग चोरून बसली आहे, परक्याच्या घरी बसावं तशी.

तुमच्या घरातली उन्हाची खोली कुणाकडे आहे?