बरगडीच्या फोटोत दिसलेलं

केरबा सोयगावकडच्या मेंढपाळाच्या घरातला. मेंढरं थोरल्या भावाकडं, भिकनकडं सोडून तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल चढवायला लागला आणि मुकुंदवाडीत खोली करून राहिला. मूलबाळ नव्हतं. बायको सुगंधाबाई खोकून खोकून गेली, त्याला तीन वर्षं झाली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल उसळली. बस बंद म्हणून केरबा पायीच घरी निघाला, तर कुणीतरी भिरकावलेला धोंडा त्याच्या छातीत बसला. बरगडी मोडली की काय, म्हणून सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. बरगडी शाबूत होती. पण डॉक्टरीणबाई फोटो उजेडाला धरून वरच्या कोपऱ्याकडंच बघत राहिल्या. फुफ्फुसावर पुसट डाग होता. खोकला नाही, ताप नाही, तरी तपासण्यांअंती क्षयाची सुरुवात निघाली.

घरात अजून कोण आहे, सगळ्यांना तपासावं लागेल, असं बाई म्हणाल्या.

"कुणी नाय," केरबा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बाई, आमच्या मंडळीचा असा फोटो काढला असता, तर दिसलं असतं का?"

बाई कागदावर औषधं लिहू लागल्या. पण तो जागचा हलेना.

"दिसलं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

कारखान्यातला रोज बुडेल म्हणून सुगंधाबाईला दवाखान्यात न्यायचं त्यानं वर्षभर आज-उद्यावर ढकललं होतं.

तीन महिने रोज सुई आणि दीड वर्ष गोळ्या. कारखान्यात त्यानं कळू दिलं नाही. डबा घेऊन गोदामामागं एकटाच बसायचा. माणूस शिष्ट झाला, असं लोक म्हणायचे. घरी ताट वेगळं ठेवायची गरजच नव्हती.

दिवाळीला गावी जाऊन त्यानं भिकनला खरं सांगितलं. संध्याकाळी केरबाचं पाणी वेगळ्या तांब्यात आलं. सकाळीच तो निघाला. तेवढ्यात वहिनी, बानाबाई, चुलीपाशी खोकताना त्याला ऐकू आली. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"वहिनी, संगं चला. फोटो काढू."

धुरानं खोकते ती, मेंढरांमागं कोण जाईल, असं भिकन म्हणत राहिला. केरबा दोन दिवस ओट्यावर बसून राहिला आणि तिला घेऊनच शहरात आला. तिच्याही फुफ्फुसावर डाग निघाला. वेळेत औषध लागलं आणि ती खडखडीत बरी झाली.

औषधं संपल्यावर काढलेला केरबाचा शेवटचा फोटो स्वच्छ आला. तो खोलीवर आणल्यावर दाखवावा कुणाला, ते त्याला कळेना. बराच वेळ हातात धरून बसला. मग सुगंधाबाईची पेटी उघडून तिच्या लुगड्यांवर त्यानं तो अलगद ठेवून दिला.