टॉवर मास्तरांची एक फेरी

सांगलीच्या सिटी बसमध्ये टॉवर मास्तर आपल्या थांब्याच्या तीन थांबे आधी उठून दारात उभे राहत. बस रिकामी असली तरी. कंडक्टर म्हणे, "मास्तर, बसा की, लय लांब हाय अजून." ते बसत नसत. "उतरणं थांब्यावर हुत न्हाई, त्याच्या आदी हुतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मास्तर हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. सोळा वर्षं कंट्रोल टॉवरमध्ये काढली, म्हणून टॉवर मास्तर. सांगलीत एका किराणा दुकानावरच्या खोलीत बारावीच्या मुलांना गणित शिकवत. स्वतः त्यांनी विमान कधी चालवलं नव्हतं. कुणी त्यावरून टोचलं की म्हणत, "पोलिसानं चोरी केलेली नसती, पर चोराची वाट त्याला ठावी असती."

आम्ही दोघंही मूळचे उंब्रजचे, एकाच वस्तीतले. दोन्ही घरं छप्पन्न साली बौद्ध झालेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, शिष्यवृत्तीवर विमान शिकलो आणि नव्वदीच्या दशकाच्या शेवटी छोटी जेट विमानं चालवणाऱ्या एका कंपनीत सहवैमानिक म्हणून निवडला गेलो. यातलं काही मी लपवत नाही, उलट मला त्याचा अभिमान आहे. लाज वाटावी असं जे आहे ते पुढे आहे.

कंपनीने सिम्युलेटरवर परीक्षा घेतली. हे जमिनीवरचं खोटं विमान, पण आतून खऱ्यासारखं. उतरण्याचा साधा हिशेब असा, की जितके हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट मैल हाताशी हवेत. तो मला पाठ होता. परीक्षक मागे बसून टॉवरचं काम करत होते. मी अजून बराच उंच असताना ते म्हणाले, वळसा घेऊ नका, सरळ या. अंतर पुरणार नाही हे मला त्याच क्षणी कळलं. तरी तोंडातून गेलं, "येस सर." मग विमानाचं नाक खाली घातलं, वेग हाताबाहेर गेला आणि धावपट्टी पायाखालून निघून गेली. नापास. तीन आठवड्यांनी आणखी एक संधी होती. ती गेली असती तर नोकरी गेली असती.

उंब्रजला गेलो नाही. तिथे वडिलांनी माझा गणवेशातला फोटो घरोघर दाखवून झाला होता. मी सांगलीला उतरलो.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आकडा यित हुता तुला. मग व्हय का म्हणालास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला कृष्णेच्या घाटाजवळच्या पटांगणात घेऊन गेले. खाली उतरायला जागा नसली किंवा उंची जास्त असली, की विमान एका ठरलेल्या खुणेवर लांबट फेऱ्या मारत थांबतं. त्याला होल्डिंग म्हणतात. खूण म्हणून मास्तरांनी स्वतःची चप्पल मधोमध ठेवली. चपलेकडे एक मिनिट चालायचं, उजवीकडे वळायचं, तेवढंच उलट चालायचं, परत वळायचं. मास्तर पायरीवर घड्याळ घेऊन टॉवर झाले. धुणं धुणाऱ्या बाया बघायला लागल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आवं, चपलेला प्रदक्षिणा घालतंय ह्ये, नवस हाय का कसला?"

"नवस न्हाई, नोकरी हाय," मास्तर म्हणाले.

मधेच ते ओरडून उंची आणि अंतर सांगत आणि म्हणत, सरळ ये. मी सवयीने येस सर म्हणे. मग ते चप्पल पायात घालून घरी निघून जात. शिकवणी तिथेच संपे. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी मात्र ते जवळ आले.

"तुजा आज्जा जी म्हणायचा. बाप व्हय सायेब म्हणतो. तू येस सर म्हणतोस. तीन पिढ्यांत फकस्त भाषा बदलली का रं?"

मला फार राग आला. पदवीधर माणसाला हे कुणी ऐकवावं, तेही घाटावर, बायाबापड्यांसमोर. त्या रागातच पुढची फेरी मारली. मास्तरांनी पुन्हा सरळ बोलावलं तेव्हा मी म्हणालो, "जमणार नाही." त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मग एक फेरी मार." त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत तिथे होतो.

दुसऱ्या परीक्षेतही परीक्षकांनी मी तसाच उंच असताना सरळ या म्हटलं. पुन्हा येस सर ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि सांगितलं, जमणार नाही, एक फेरी द्या. मग फेरी मिळाली. मी शांतपणे उतरलो आणि पास झालो.

एसटीडी बूथवरून मास्तरांच्या खोलीखालच्या किराणा दुकानात फोन लावला. मास्तरांना बोलावून आणलं गेलं. मी भडाभडा सांगायला लागलो, तर त्यांनी मधेच अडवून उंची आणि अंतर विचारलं. अठरा हजार फूट, तीस मैल, मी सांगितलं.

"तीस मैलांत धा हजार उतरतंय. ऱ्हायलं आठ. एका फेरीत गेलं. मग तू काय मोठं क्येलंस? आकडाच सांगत हुता." मग त्यांनी विचारलं, "जमणार न्हाई म्हणताना आदी सॉरी म्हणालास का?"

मी खरं ते सांगितलं. म्हणालो होतो.

"त्येवढं काढून टाक गड्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन वर्षांनी मास्तर गेले. मी ड्युटीवर होतो, निरोप उशिरा पोचला. ते सॉरी तोंडातून जायला त्यानंतरही बराच काळ लागला. एका संध्याकाळी उतरताना टॉवरला जमणार नाही म्हणून सांगितलं, आणि त्याआधी सॉरी आलंच नव्हतं हे मला विमान थांबल्यावर लक्षात आलं. हे ज्यांना कळवायचं, त्यांच्यासाठी किराणा दुकानात फोन लावण्यात आता अर्थ नव्हता.