बावीस हजेरी कार्डं आणि चव्वेचाळीस बोंबील

माझ्या वडिलांचा शेवटचा खटला मी चव्वेचाळीस बोंबलांच्या मदतीनं बुडवला.

बाबा कामगारांचे वकील. धाकट्या डहाणूतले पहिले आणि (त्यांचे हाल बघून) शेवटचे. तलासरीच्या पाड्यापाड्यांवर त्यांना ‘वकीलभाऊ’ म्हणत. फी म्हणून कोणी कोंबडी आणायचं, कोणी काकड्या, कोणी नुसतंच रडून जायचं. रडणाऱ्यांना बाबा चहा पाजून स्टँडपर्यंत सोडायला जायचे. काळा कोट एकच, लग्नाच्याही आधीचा. आई म्हणायची, “हा कोट एक दिवस एकटाच कोर्टात जाऊन बोलून येईल!”

खटला होता तलासरीच्या फुग्यांच्या कारखान्यातल्या बावीस बायकांचा. दहा-दहा वर्षं त्यांनी अख्ख्या देशाच्या वाढदिवसांचे फुगे केले. ‘आम्हाला कायम करा’ म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी गेट बंद! मालक कोर्टात सांगतो, “या बायका कोण? आम्ही यांना कधी पाहिलंच नाही.” त्या तिथं राबल्या होत्या याला पुरावा एकच. सुपरवायझरच्या सहीची बावीस हजेरी कार्डं. त्यांची पुढारी लाडकी. तिनं ती भाताच्या कणगीत लपवून सांभाळली होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बाबांनी डहाणू रोडच्या ऑफिसात ती पिशवी माझ्या हातात दिली.

“घरी ने. यात बावीस घरं आहेत.”

“हो बाबा.”

“स्कूटरला लटकवू नकोस.”

“नाही बाबा.” (लटकवली.)

“आणि यात दुसरं काही घालू नकोस.”

“मी काय लहान आहे का?”

तेव्हा मी चाळीस वर्षांचा होतो. कोपऱ्यावर बाबांच्या एका पक्षकारानं अडवलं आणि फी म्हणून दहा किलो पिकलेले चिकू दिले. पिशवी एकच! आमच्या रस्त्यावर तेव्हा खड्डे होते, असं म्हणणं खड्ड्यांवर अन्याय होईल. खड्डेच होते, त्यात मधेमधे थोडा रस्ता सापडायचा. घरी येऊन पिशवी उघडली, तर आत ना चिकू, ना कार्डं. चिकूचा मुरंबा, आणि मुरंब्यात बावीस घरं!

आई वरोरला माहेरी गेलेली. अक्कल सांगणारं घरात कोणी नाही. मग मी माझीच वापरली. बादलीभर पाण्यात एकेक कार्ड हलक्या हातानं धुतलं. सुपरवायझरनं सह्या बॉलपेननं केल्या होत्या, त्याचं भलं होवो! एकही अक्षर हललं नाही. आता वाळवायचं. घरात चिमटे चार, बाहेर समुद्राचा वारा असा की शेजाऱ्याचं पोलकं थेट गुजरातेत जावं.

शेजारच्या हिरामावशी आपल्या दोऱ्यांवर बोंबील सुकवत होत्या. मला कार्डांच्या मागे धावताना पाहून म्हणाल्या, “काय रे, वेड लागलं का?”

“मावशी, ही वाळली नाहीत तर बाबा मला मारतील.”

“मग वाऱ्याशी कशाला भांडतोस? आण इकडे!”

बोंबील दोरीवर टाकायची आमची रीत अशी, की दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर लटकवायची. कसलाही वारा येवो, सुटत नाही. मावशींनी प्रत्येक जोडीच्या जबड्यात एक कार्ड दिलं. बावीस कार्डं, चव्वेचाळीस बोंबील! लांबून पाहिलं तर वाटावं, मासेच ओळीनं कामावर हजेरी लावतायत.

संध्याकाळी बाबा आले आणि दोऱ्यांपुढे थांबले.

“हे काय आहे?”

“कार्डं, बाबा.”

“बोंबलाच्या तोंडात?”

“वकीलभाऊ,” मावशी अभिमानानं म्हणाल्या, “एक उडू दिलं नाय!”

बाबांनी एका टोकापासून मोजायला सुरुवात केली. बावीस भरली. मग म्हणाले, “चहा टाक.” मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात बाबांनी कार्डं पुढे ठेवली. मालकाच्या वकिलांनी एक उचललं, नाकाजवळ नेलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली.

“साहेब, वास घ्या! या बायका म्हणतात, आम्ही फुगे करत होतो. फुग्याला सुक्या बोंबलाचा वास? या मासळी विकणाऱ्या बायका आहेत! आणि हे बघा, कार्डावर दात उमटलेत, दात!”

लाडकी उठली. “मी डोंगराकडची हाय, साहेब. मला बोंबील साफ करता बी येत नाय!”

“शांत बसा,” न्यायाधीश म्हणाले. त्यांनी रुमाल नाकाला लावला. “ही कार्डं वाळवली कोणी?”

बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बावीस बायकांनी पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. तीन पाती होती, मी पुन्हा मोजली.

“माझ्या घरी वाळली, साहेब,” बाबा म्हणाले. “जबाबदारी माझी. आणि वासाचंच म्हणाल, तर हा माझा कोट हुंगा, तोही त्याच घरात टांगलेला असतो. वासावरून माणसाचा धंदा ठरत असेल, तर मलाही आजपासून मासळीवाला म्हणून लिहून घ्या.”

कोर्ट हसलं. बायकाही हसल्या. न्यायाधीशही हसले, आणि हसत हसत त्यांनी कार्डं तपासणीला पाठवली.

ती तीन वर्षं परत आली नाहीत. दर तारखेला बाबा तोच कोट घालून जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. दुसऱ्या वर्षी कारखान्याचं छप्पर उतरलं. मशिनं हद्दीपलीकडे गुजरातेत गेली, दुसऱ्या नावाची पाटी लागली. तिसऱ्या वर्षी बाबा गेले. बावीस जणी आल्या होत्या. लाडकीनं कोटावरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन बसली.

त्यानंतर अहवाल आला. कार्डं खरी. सह्या खऱ्या. दात माशाचे. (हिरामावशींनी हे एका मिनिटात सांगितलं असतं!) बायका जिंकल्या. सगळ्यांना कामावर परत घ्या, असा हुकूम झाला. तो हातात धरून आम्ही तलासरीला गेलो, तर गेटच्या जागी गवत, आणि गवतात एक फुटका लाल फुगा.

परवा बाबांच्या स्मृतिदिनाच्या सभेत कोणी म्हणालं, उशीर व्यवस्थेनं केला. कोणी म्हणालं, मालकशाहीनं. मी दोघांनाही मान डोलावली. गुन्हेगार खरे पंचेचाळीस. मी आणि ते बोंबील. त्यातल्या चव्वेचाळिसांनी निदान तोंड तरी उघडलं होतं.