पारोळ्याचा ‘चालू’ चार्जर

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारा माणूस. जळगावला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे. केबल नाही तर करंट नाही – एवढंच माझं अध्यात्म. तरी हे लिहितोय, कारण घरात सांगायचं तोंड नाही.

पारोळ्याजवळ हायवेला लागून आम्ही गाड्यांचा चार्जर बसवला. बसवला म्हणजे नुसता उभा केला. लाइन यायची होती, पण उद्घाटनाचा मुहूर्त ठरलेला! मग मी ताडपत्रीआड जनरेटर लावून स्क्रीन पेटवली. नारळ फुटला, फोटो निघाले, जनरेटर परत गेला. साहेब म्हणाले, ॲपवर ‘चालू’ दाखव, लाइन येईलच आठवड्यात. मी दाखवलं. त्याला वर्ष होत आलं.

एका दुपारी धुळ्याहून भाच्याचा फोन आला. माझी थोरली बहीण, अक्का, दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. आईच्या मागे मला तिनेच वाढवलेलं. माझी गाडी इलेक्ट्रिक, बॅटरी निम्म्याच्याही खाली. जळगावात एका चार्जरची वायर तुटलेली, दुसऱ्यासमोर कुणीतरी डिझेल गाडी लावून गायब. तसाच निघालो. पारोळ्याच्या हॉटेलात साधं सॉकेट मिळेल वाटलं, तर तिथे लाइट गेलेली. बॅटरी चार टक्के. एसटीला हात केला, थांबली नाही.

समोर आमचाच चार्जर... उद्घाटनाचा सुकलेला हार अजून तसाच. स्वतःवरच चिडून मी त्याचा प्लग गाडीत खुपसला.

स्क्रीन पेटली. पाच टक्के... सहा...

मी मागचं झाकण उघडलं. आत केबल नव्हतीच. मोकळ्या पाइपात कोळ्याचं जाळं होतं. आणि इकडे गाडी चार्ज होत होती. तरी मी प्लग काढला नाही. मला अक्का दिसत होती.

तेवढ्यात मागे एक गाडी येऊन थांबली. दोंडाईचाचा माणूस, मागच्या सीटवर त्याची आई, डोळे मिटून. तिला डायलिसिसला जळगावला न्यायचं होतं. ॲपवर चालू दिसला म्हणून याच भरवशावर निघालो, म्हणाला. धुळ्यापुरतं चार्जिंग झाल्यावर मी प्लग त्याच्या हातात दिला. त्याने लावला, आणि स्क्रीन विझली. पुन्हा लावला. मी लावून पाहिला. काही नाही.

तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, तुमनी गाडी चार्ज व्हयनी, मंग मनी का बरं नही?”

मशीन बिघडलं असेल, म्हणालो. म्हातारीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं... आणि मी निघून आलो. लाज वाटते, पण आलो.

अक्का शुद्धीवर होती. “उना का रे?” आलास का, एवढंच बोलली. पहाटे गेली.

नंतर कंपनीची नोंद तपासली. त्या चार्जरने आजवर एक युनिटसुद्धा दिलेलं नाही. मी ॲपवर ‘बंद’ केलं, दुसऱ्या दिवशी साहेबांनी परत ‘चालू’ केलं. त्या म्हातारीचं पुढे काय झालं, कळलं नाही. शोधायची हिंमतही झाली नाही.

माझ्या गाडीत वीज कुठून आली, हे मला आजही माहीत नाही. त्यांच्या गाडीत का नाही आली, हे मात्र पक्कं ठाऊक आहे.