स्वयंपाकघरातली चप्पल

चप्पल घालून चुलीपाशी जाणाऱ्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा मी कधी प्यायले नाही. आता ती बाई मीच आहे.

उजव्या खुब्याचा सांधा बदलला. दुखणं गेलं हे खरं, पण तो पाय डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटर लांब झाला. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी." त्यांचं काय जातंय! रिहे गावात आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चालायचं म्हटलं तरी एक खांदा खाली, कंबर एकीकडे, आणि साडीचा काठ डाव्या बाजूनं जमीन झाडत चाललेला. शेजारीण अंगणातून ओरडली, "बाई, लई वाकड्या चालताय वो! मापात न्हाई बसवला का पाय?" जन्मभर शाळेत पोरांना ताठ उभं राहायला लावलं, त्या मास्तरीणबाईचं हे ध्यान. कपाटाच्या आरशात एकदा स्वतःला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं सांगितलं, डाव्या चपलेला खालून जादा थर लावून घ्या आणि घरातसुद्धा घाला.

"स्वयंपाकघरात?"

"तिथंच तर तुम्ही जास्त उभ्या असता. अनवाणी चालाल तर कंबर धरेल आणि एक दिवस पडाल."

मला शिसारीच आली. मुलानं बावधनहून जोड करून आणला. डावीखाली काळ्या रबराचा ठोकळा, कडेनं ओघळलेलं पिवळं सोल्यूशन, आणि वास असा की जेवण नको व्हावं. लांब झाला उजवा आणि शिक्षा डाव्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी तो जोड स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच काढत असे. आत ओट्यापाशी डाव्या पायाखाली एक चपटी फळी घेऊन उभी राहायचे. भाकरी मीच करणार होते. बसून आयतं गिळणाऱ्या सासवा पाहिल्यात मी, तसं मला व्हायचं नव्हतं.

सून हे सगळं बघत होती. बोलायला मी जागा कुठं ठेवली होती? ती बावधनच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्नानंतर आठवड्यातच गुलाबी स्लीपर घालून ओट्यापाशी उभी राहिली. मी तिच्या आईदेखत त्या काढायला लावल्या आणि केरसुणीनं ढकलत अंगणात नेल्या. रागावले की माझी शाळेतली भाषा सुटते आणि गावची तोंडात येते. "हितं अन्न शिजतं!" म्हणाले आणि ती उभी होती तिथली फरशी तिच्यासमोर पुसली. तिची आई हळूच म्हणाली, हिच्या टाचांना भेगा पडतात, थंडीत रक्त येतं. "सगळ्यांच्याच पडतात," मी म्हणाले.

फळीचं सोंग तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी भाकरी तळहातावर घेऊन तव्याकडे वळले आणि फळी सरकली. ओट्याची कड हाती लागली म्हणून वाचले, नाहीतर नवा सांधा निखळलाच होता. भाकरी फरशीवर पडली. सून धावत आली, मला धरलं, भिंतीला टेकवलं. मग बाहेरून तो जोड आणला, खालून फडक्यानं पुसला. मला वाकायची बंदी, म्हणून खाली बसून तिनंच माझ्या पायात चढवला.

त्या चपला घालून मी ओट्यापाशी गेले. पावलापावलाला रबराचा चपक चपक आवाज. देवानं हेही दाखवायचं ठेवलं होतं! पण कंबर सरळ झाली होती. नवी थापलेली भाकरी टम्म फुगली.

सून परातीजवळ उभी होती, अनवाणी. तिच्या टाचा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिल्या. भेगांच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि एक ओली होती. मला माझी किळस आली, चपलेपेक्षा जास्त.

"तूही आण गं तुझ्या स्लीपर," मी म्हणाले.

"नको आत्या," ती म्हणाली. "हितं अन्न शिजतं."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. भाकऱ्या संपवून मी उंबऱ्याबाहेर आले आणि वळून पाहिलं. तिनं ओलं फडकं घेतलं होतं आणि मी उभी होते तिथली फरशी ती पुसत होती.