लोणारचा किनारा आणि चिमूटभर हळद

देऊळगाव राजापासून समुद्र चारशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी मी ते अंतर मोजून पाहिलं. एका दिवसात जाऊन येणं कुठल्याच रस्त्याने जमत नाही. दिवसभरात गाठता येईल असा किनारा आमच्या जिल्ह्यात एकच आहे, लोणारचा. तिथे लाटा नाहीत, होड्या नाहीत. पण पाणी खारं आहे, काठावर पांढरा खार साचतो, आणि चहूबाजूंनी उभा कडा असल्यामुळे खाली उतरलं की बाकीचं जग दिसेनासं होतं. गाडीने एवढा वेगळा काठ गाठायचा तर आमच्याकडे दुसरी जागा नाही.

हा खटाटोप कशासाठी केला ते आधीच सांगतो. माझी मुलगी ऋतुजा यंदा बारावी झाली. माझी मेव्हणी आणि साडू प्रमोदराव पुण्याला असतात. त्यांना मूलबाळ नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी ऋतुजाला आठ दिवस कोकणात नेलं, आणि आयुष्यातला पहिला समुद्र तिने त्यांच्याबरोबर पाहिला. तो मी दाखवणार होतो. ती सातवीत असल्यापासून चार वेळा बेत केला आणि चारही वेळा माझ्याच कामामुळे मोडला. आता प्रमोदरावांचं म्हणणं होतं की तिने त्यांच्या घरी राहून पुण्यात शिकावं. माझं म्हणणं होतं की जालन्याला शिकावं, रोज येऊन-जाऊन करता येतं. अर्ज भरायला तीन दिवस उरले होते आणि तिचं मत विचारायला प्रमोदराव स्वतः आले होते. मेव्हणीचे गुडघे दुखतात म्हणून ते एकटेच आले. मला त्यांचा हेवा वाटत होता. ह्याला दुसरा बरा शब्द मी शोधला, सापडला नाही.

म्हणून मी म्हणालो, "निर्णय घ्यायच्या आधी एक दिवस लोणारला जाऊन येऊ." माझा हिशेब असा होता की आपल्याकडेही दाखवण्यासारखं काही आहे हे पोरीला एकदा दिसावं.

मी पाटबंधाऱ्याच्या शाखा कार्यालयात पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो. बेतही त्याच सवयीने केला. पाच दहाला निघायचं, दुसरबीडला चहा, ऊन चढायच्या आत खाली काठावर, बाराला परत वर. आदल्या रविवारी मी एकटा जाऊन रस्ता पाहून आलो. गाडीच्या काट्यावर एका बाजूचे बहात्तर किलोमीटर भरले. त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून कड्यावरूनच परतलो, खाली उतरलो नाही. ते चुकलं.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. निघायला पाच पंचवीस झाले, कारण माझी बायको वर्षा भाकरी बांधत होती आणि प्रमोदराव तिच्याशी गप्पा मारत होते. गाडीत ते माझ्या शेजारी बसले, वर्षा आणि ऋतुजा मागे. सिंदखेड राजा येईपर्यंत मागून कोकणच चाललं होतं.

"आई, पुळणीवर (वाळूच्या काठावर) पहाटे चाललं ना, की पायाखालची वाळू सरकते."

पुळण हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. काकांशी, म्हणजे प्रमोदरावांशी, बोलताना तिची भाषाही बदलते. घरी 'काऊन' म्हणणारी पोरगी त्यांच्याशी 'का बरं' म्हणते. मी आरशात पाहिलं तर ती पुढे वाकून त्यांच्या सीटला हात लावून बसली होती.

दुसरबीडला चहाला थांबलो. गरम आलूबोंडे होते. प्रमोदरावांनी बिनसाखरेचा चहा मागितला.

"बिनसाखरेचा चाय?" हॉटेलवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "तो आमच्याकडं दवाखान्यात देतात, साहेब. पाव्हणे पुण्याचे हायेत का?"

"हो, पुण्याचा," प्रमोदराव हसत म्हणाले. "पण आजारी नाही हो."

"मंग अर्धा चमचा टाकू द्या. माह्या चायची इज्जत राहीन."

त्यांनी टाकू दिली, चहाची तारीफ केली, त्याच्या गावाची चौकशी केली. दहा वर्षं मी त्या हॉटेलात थांबतो. माझ्याशी तो 'किती कप' एवढंच बोलत आला आहे. निघताना त्याने ऋतुजाला एक आलूबोंडा वरून दिला आणि म्हणाला, "ताई, बाबा लई मोकळे हायेत तुमचे." तो प्रमोदरावांकडे बघत होता. ऋतुजा हसली. तिने त्याची चूक दुरुस्त केली नाही. मीही केली नाही.

सुलतानपूरच्या फाट्यावरून लोणारकडे वळलो. नांगरून पडलेली काळी रानं, बांधावर निंब, मध्येच एखादं हिरवं भुईमुगाचं वावर. प्रमोदराव प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणत होते. मला ते खोटं वाटत होतं. आज विचार केला तर खोटं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कड्यावर पोचलो आणि खाली सरोवर दिसलं. जमीन एकदम संपते आणि खोल तळाशी हिरवट, शेवाळी पाण्याची थाळी पडलेली असते. "बापरे," ऋतुजा म्हणाली. तो शब्द मी मनात जपून ठेवला.

धारेजवळून (गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी, लोक तिथे आंघोळ करतात) खाली वाट जाते. दगडी पायऱ्या, मग पायवाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी. मोर ओरडत होते. खाली येताच तो वास आला, कुजलेल्या अंड्यासारखा. वर्षाने पदर नाकाला लावला. "अहो, हे दाखवाले आणलं का आमाले?"

मी म्हणालो, "थांब जरा."

पण थांबायला जागाच उरली नव्हती. मी पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेला रुंद पांढरा काठ पाण्याखाली गेला होता. पाणी चढून झाडीत शिरलं होतं आणि वाळलेल्या बाभळी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. पाणीपातळीच्या नोंदी ठेवणारा माणूस मी, आणि ह्याच पाण्याची पातळी विचारायला विसरलो होतो.

तरी माझ्याकडे एक गोष्ट राखून ठेवलेली होती. खिशात कागदाची पुडी होती, घरच्या हळदीची. लोणारच्या पाण्यात हळद कालवली की ती कुंकवासारखी लाल होते. माझ्या वडिलांनी मला ते ह्याच सरोवराच्या काठी दाखवलं होतं. वाट जिथे पाण्याला भिडते तिथेच मी खाली बसलो, तिघांना जवळ बोलावलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि हळद टाकली.

"आता बघा."

हळद पिवळीच राहिली. मी बोटाने ढवळली. पिवळीच. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं.

"पप्पा, किती वेळ लागतो?" ऋतुजाने विचारलं.

"असू द्या हो गजाननराव," प्रमोदराव म्हणाले. "कधीकधी नाही होत." त्यांनी टोमणा मारला असता तर मी सहन केला असता. तो समजूतदारपणा मला सहन झाला नाही.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी मागून आली. कमळजादेवीच्या देवळाशी ती नारळ आणि ओटीचं सामान विकायला जात होती. माझे पिवळे हात पाहून थांबली.

"कुठले तुम्ही?"

"देऊळगाव राजाचे."

"इथलेच हाय म्हना की! आन् हळद इथं भिजवून राह्यले?" तिने वर बोट दाखवलं. "धारेचं गोडं पानी सारं ह्याच अंगानं उतरते. इथं हळद लाल व्हत नसते, बाप्पा. लांबून आलेले लोकं चुकतात, पर तुम्ही काऊन चुकले? देवळाच्या अंगाले चला माह्यामागं."

प्रमोदरावांनी मान दुसरीकडे वळवली. मला हसू दिसू नये म्हणून असेल. वर्षाने ती तसदी घेतली नाही. ती चक्क हसली.

म्हातारीच्या मागे आम्ही झाडीतून अर्ध्या तासाहून जास्त चाललो. खालची जुनी वाट बुडाली होती. एका ठिकाणी मी वळसा वाचवायला पाण्याच्या कडेने गेलो आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात गेला. सावरायला हात टेकले तर तेही कोपरापर्यंत भरले. पाय निघाला, चप्पल राहिली. प्रमोदराव पोटावर पडून, हात घालून ती काढत होते आणि मी मनात म्हणत होतो की ही चप्पल बुडाली तरी चालेल.

देवळाच्या बाजूला काठाची एक छोटी पट्टी उरली होती. दगडांवर खाराचा पांढरा थर होता. मी जिभेला लावून पाहिला, पापडखाराची चव होती. ऋतुजाने माझ्या खिशातून पुडी काढली.

"काका, हात पुढे करा."

तिने त्यांच्या तळहातावर हळद टाकली, ओंजळीने वरून पाणी सोडलं आणि बोटाने कालवलं. हळद आधी केशरी झाली, मग बघता बघता लालभडक. ऋतुजा ओरडली. "आई, बघ! काका, हलवू नका!" ती त्यांच्या हातावर वाकली होती, तिचा चेहरा उजळला होता. पोरीचा असा चेहरा व्हावा म्हणूनच हा सगळा बेत केला होता. झाला, पण दुसऱ्याच्या तळहातावर. मी चिखलाचे हात लोंबकळत ठेवून चार पावलांवर उभा होतो.

परत चढताना धारेखाली हातपाय धुतले. वर येऊन झाडाखाली भाकरी, बेसन आणि ठेचा खाल्ला. प्रमोदरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी त्यांनी ठेचा दोनदा घेतला. मला राहवलं नाही. ते हात धुवायला गेल्यावर मी ऋतुजाला विचारलं, "हळद त्यांच्या हातावर काऊन टाकली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमचे हात चिखलानं भरले होते ना, पप्पा."

उत्तर बरोबर होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

मग ती भाकरीचा तुकडा मोडत हळूच म्हणाली, "पप्पा, मले पुण्याले जायचंय. लोणार लई आवडलं. पण जायचंय."

पोरीने सरोवर पाहिलं, आवडलं म्हणाली आणि तरी जायचं ठरवलं. तेव्हा कळलं की सरोवर आणि समुद्र अशी तुलना तिने केलीच नव्हती. ती माझी मीच केली होती. मी म्हणालो, "ठीक आहे. उद्या अर्ज भरू."

परतीच्या रस्त्याला लागलो. बीबी गाव मागे पडल्यावर प्रमोदरावांनी खिशातून छोटी वही काढली. "गजाननराव, मला काही माहीत नाही बघा. घरात पोर वाढवलेलं नाही. ती सकाळी उठून अभ्यास करते की जागून? भाजी कोणती चालत नाही? आजारी पडली तर सांगते की लपवते?"

मी सांगत गेलो. पहाटे साडेचारला उठते, पण उठवायला दोनदा जावं लागतं. दोडका चालत नाही. ताप असला तर सांगत नाही, पण पाणी पीत नाही, त्यावरून ओळखायचं. ते लिहीत होते. मला वाटलं होतं, ह्या माणसाकडे सगळं आहे. सतरा वर्षांच्या माझ्या नोंदी मात्र त्याच्याकडे नव्हत्या, आणि त्या मी त्याला गाडी चालवता चालवता देत होतो. हेवा त्यामुळे गेला, असं लिहिलं तर खोटं होईल. पण ह्या माणसाला आपण काहीतरी देऊ शकतो, एवढं तरी त्यात होतं.

सिंदखेड राजा मागे पडलं. ऊन तिरपं झालं होतं. आरशात पाहिलं तर वर्षा झोपली होती आणि ऋतुजा खिडकीबाहेर बघत होती. तिने तोंडावर हात धरून मोठी जांभई दिली. थोड्या वेळाने आणखी एक.

प्रमोदराव मागे वळून पाहत म्हणाले, "पोरीला झोप आली वाटतं."

"हो," मी म्हणालो. "पहाटे लवकर उठली ना."

ऋतुजाला रडू आलं की ती आधी खोट्या जांभया देते, म्हणजे पाणावलेल्या डोळ्यांना कारण मिळतं. बालवाडीच्या पहिल्या दिवसापासून तिचं हेच आहे. वही प्रमोदरावांच्या मांडीवर उघडीच होती. मी गाडीचा वेग थोडा कमी केला आणि एवढी एक नोंद माझ्याजवळ ठेवली.