वारं आलं आणि आत्याबाई जर्मन बोलल्या

मंडळी, आधीच सांगून टाकते... भूतखेत, करणी, उतारा असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तिन्हीसांजेला मसणवटीच्या वाटेनं डोक्यावर सरपण घेऊन एकटी येणारी बाई मी. शाळा झाली चौथीपर्यंत. पुढं मात्र पुडीच्या कागदापासून जे हाताला लागेल ते वाचत गेले आणि तेवढ्यावरच लिहायला धजले. नातसून म्हणाली, "आजी, दुसऱ्यांचे अनुभव डोळे फाडून वाचता, स्वतःचा का नाही लिहीत?" म्हटलं, लिहिते. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मलाच अजून पुरतं खरं वाटत नाही.

पानशेतचं धरण फुटून एक-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मुळशी खोऱ्यात, पौडच्या पुढं, मुळा नदीच्या काठाला आमचं गाव. नाव लिहीत नाही, भाऊबंद आहेत अजून तिथं. मी भूगावची, लग्न होऊन तिथं आलेली. घरात सासू-सासरे (मी त्यांना आत्याबाई आणि मामंजी म्हणायची), माझे मालक आणि धाकटी नणंद कुसुम. कुसुम माझ्याहून लहान, पण नणंद ती नणंद! म्हणून मी तिला 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची.

वन्सं पुण्यात हॉस्टेलला राहून शिकत होत्या. विषय काय, तर जर्मन, आणि त्याच्या जोडीला इंग्रजी अन् भाषाशास्त्र. गावात हे कुणाला समजायचं? आमच्याकडं जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. शेजारची सखूबाई एकदा मला म्हणाली, "भांडी घासायचं शिकाया पुन्याला कशापायी जावं लागतंय गं?" तर ते असो.

शेवटचं वर्ष राहिलं होतं. त्यांच्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, चांगली पास झालीस तर जर्मनीला पुढं शिकायला जाता येईल, खर्च तिकडचे लोक करतील. वन्संचा सगळा जीव त्यात अडकलेला. आणि मामंजींनी मात्र माणचं एक बागायतदाराचं स्थळ बघून ठेवलेलं. "पुरं झालं शिक्षान. दिवाळीनंतर परत धाडायची न्हाई," असं त्यांनी ओटीवर बसून जाहीरच करून टाकलं.

वन्संच्या बाजूनं घरात एकच माणूस, आत्याबाई. अंगठाबहाद्दर बाई, पौडच्या बाजारापलीकडं जग न बघितलेली. पण मामंजींच्या तोंडावर म्हणायच्या, "शिकू द्या की तिला. मी चुलीपुढं बसून कंचा डोंगर उचलला?" मामंजी म्हणायचे, "तू गप." त्या म्हणायच्या, "आजवर गपच व्हते की."

त्या दिवाळीला वन्सं घरी आल्या. भाताची झोडणी चाललेली, सगळी माणसं खळ्यावर. मी पडवीत भात पाखडत बसायची आणि वन्सं माझ्यासमोर मोठ्यानं अभ्यास करायच्या. ऐकून ऐकून मलाही चार शब्द आले. कोम म्हणजे ये. गे म्हणजे जा. ब्लाइब म्हणजे थांब, राहा. वारुम म्हणजे का. मी सुपावर थाप मारून कोंबडीला "गे! गे!" म्हणायची, आणि वन्सं पोट धरून हसायच्या.

आता त्यांचा तो भाषाशास्त्राचा अभ्यास कसा, ते सांगते, कारण सगळं तिथूनच पेटलं. एक हात-आरसा पुढं धरायचा, तोंड उघडून जीभ कुठं जाते ते बघायचं. दोन बोटं गळ्यावर ठेवायची, आवाज निघतो तेव्हा गळा थरथरतो का ते तपासायचं. ओठांपुढं कागदाची पट्टी धरून प-प-फ-फ करायचं. त्या जर्मन भाषेत एक आवाज आहे, धड 'श' नाही, धड 'ख' नाही. तो वन्संना काही केल्या जमेना. त्यासाठी तासन् तास आरशात बघून मांजरासारखं फिसकारायच्या.

हे सखूबाईनं कुडाच्या फटीतून बघितलं. झालं! संध्याकाळपर्यंत गावभर... कुसुमला झपाटलंय. आरशात बघून दात विचकतीया, सोताचा गळा आवळतीया, आनि कुना गोऱ्याच्या बोलीत बडबडतीया. कुणीतरी शोधूनही काढलं, हे इंग्रजांच्या वेळी मुळशी धरणाच्या कामावर आलेल्या सायबाचं भूत. मी सखूबाईला म्हटलं, "अवो, ते सायब इंग्रज हुते, वन्सं जर्मन बोलत्यात." तर ती म्हणाली, "मेल्यावर मानूस काय कुटली बी भाषा बोलतंय!"

मामंजी घाबरले. माणच्यांच्या कानावर गेलं तर स्थळ मोडणार. त्यांनी पलीकडच्या वाडीवरून देवरुषी बोलावला. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, बसते मी पाटावर. काय वाजवायचं ते वाजवू देत. पण हे झाल्यावर मला पुण्याला जाऊ दिलं पाहिजे."

मंगळवार होता. भर दुपार, अंगणात लख्ख ऊन. वन्संना पाटावर बसवलं. अर्धं गाव गोळा झालेलं. हलगी सुरू झाली, देवरुष्यानं अंगारा फुंकला, "बोल, कोन हायेस तू? कुटनं आलास?" वन्सं म्हणाल्या, "कुसुम हाय. हॉस्टेलातनं आले." बायका हसल्या. हलगी वाढली. वन्संची पापणीसुद्धा हलली नाही.

आणि आत्याबाई लिंबांचं ताट घेऊन आतून आल्या. उंबऱ्यावरच थांबल्या. ताट हातातून पडलं. मान एका बाजूला कलली आणि अंग घुमायला लागलं. सगळ्या बायका, "वारं आलं, वारं आलं" करत मागं सरल्या. आत्याबाईंना त्याआधी कधीच वारं आलेलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. सरळ चालत त्या वन्संपुढं येऊन बसल्या, त्यांचा हात धरला आणि बोलायला लागल्या.

ते मराठी नव्हतं.

आवाज आत्याबाईंचाच, रागावलेला नाही, की किंचाळणारा नाही. शेजारी बसून कुणी आपलं गाऱ्हाणं सांगावं तसा. मला त्यातला एकच शब्द उमगला... ब्लाइब. दोनदा म्हणाल्या, ब्लाइब.

वन्सं पांढऱ्याफटक. पण त्या उठल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "वारुम?" म्हणजे, का?

आणि आत्याबाईंनी उत्तर दिलं! न अडखळता, चार-पाच वाक्यं. वन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांनी आणखी काही विचारलं, तोवर आत्याबाईंची मान छातीवर आली. पाणी शिंपडलं तशा त्या डोळे चोळत उठल्या, इकडंतिकडं बघितलं आणि मलाच म्हणाल्या, "ह्ये काय, लिंबं सांडली कुनी? आन् पावन्यास्नी च्या ठेवलास का न्हाई?"

हलगीवाला हलगी खाली ठेवून बसला होता. देवरुष्यानं वन्संना हात जोडले आणि मामंजींना म्हणाला, "ह्यो सायब न्हाई. ही आई हाय. देवीची बोली हाय ही, आनि तुमच्या पोरीला ती कळती. पाटील, हिला आडवू नगा. कोप व्हईल." मामंजी वन्संना म्हणाले, "जा बाई. जा, शीक. म्या मधी यायचो न्हाई."

बघा, वन्संना जे हवं होतं ते सगळं एका दुपारी पदरात पडलं. पण त्या पाटावरनं उठल्या आणि सांडलेली लिंबं वेचायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना मी विचारलं, "वन्सं, 'ब्लाइब' म्हणाल्या ना त्या? कुणाला राहा म्हणत होत्या?"

वन्सं पिळत होत्या ते लुगडं तसंच हातात धरून बसल्या. म्हणाल्या, "मला. मी 'का' विचारलं, तर म्हणाली, इथं माझं बोलणं कुणाला कळत नाही. इतकी वर्षं गप आहे. तू एकटी भेटलीस कळणारी. तू गेलीस तर मी कुणाशी बोलू?" मग म्हणाल्या, "वहिनी, मला न जमणारा तो आवाज... तिचा इतका स्वच्छ होता!"

घरी आल्यावर त्यांनी आत्याबाईंना सरळच विचारलं, "आई, मी जाऊ का गं? लांब, जर्मनीला?" आत्याबाई भाकरी थापत होत्या. "जा की. म्या कवा न्हाई म्हनलंय?" मग वन्संनी तेच जर्मनमध्ये विचारलं. आत्याबाईंनी परातीतनं मान वर केली. "काय पुटपुटतीयास? नीट बोल की."

वन्सं पुण्याला गेल्या, परीक्षा दिली, फर्स्ट क्लास आला. बाईंनी जर्मनीचं विचारलं तेव्हा 'नको' म्हणाल्या. बाई रागावल्या, कारण विचारलं. काय सांगणार? माणचं स्थळही मोडलं. देवीची बोली कळणारी सून कोण घरात आणतंय! पुढंही कुणी विचारायला आलं नाही. वन्संनी पौडच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी धरली आणि आमच्यातच राहिल्या.

रोज शाळेतून आल्या की आत्याबाईंजवळ चुलीपाशी बसायच्या आणि हलक्या आवाजात जर्मन बोलायच्या. दिवसभराचं काहीबाही. मग थांबायच्या, उत्तराची वाट बघत. आत्याबाई म्हणायच्या, "मला कशाला ऐकवतीस माये, पोरांस्नी शिकीव." एकदाही, अगदी एकदाही उत्तर आलं नाही. वारंही परत कधी आलं नाही.

आणि आत्याबाई शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगायच्या, "एवढी शिकली आमची कुसुम, पन भित्री. म्या सोता जा म्हनले, तरी गाव सोडंना." वन्सं तिथंच बसलेल्या असायच्या. म्हणायच्या, "व्हय आई. तू म्हणाली होतीस."

आमच्या नात्यातल्या एका डॉक्टरला मी हे सांगितलं होतं. तो म्हणाला, कानावर पडलेलं मनात कुठंतरी राहतं आणि असं बाहेर येतं. असेलही. पण आत्याबाई तर दिवसभर खळ्यावर असायच्या, अभ्यास ऐकायची ती मी. आणि ऐकलेलं तोंडातून येईल एक वेळ, पण 'का' विचारल्यावर उत्तर कुठून येतं?

आत्याबाई गेल्या त्याला किती काळ लोटला. वन्सं मागच्या वर्षी गेल्या. आत्याबाईंचं दिवसकार्य उरकल्यावर त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "वहिनी, समजा ती आई नव्हतीच. तिच्या तोंडून दुसरंच कुणी बोललं. तर मग मी जन्मभर कुणासाठी राहिले हो?"

कुणाला याचं उत्तर सुचलं तर मला सांगा... वन्संना आता सांगता येणार नाही, पण मला तरी कळू द्या.